कडी लावलेलं तळं

१

सकाळी रिम्मा ख्वानने कोकतास तळ्याचे आकडे बघायला संगणक उघडला आणि पडद्यावर एकच ओळ आली: व्हॉल्यूम ऑफलाइन आहे. तिने बंद करून पुन्हा उघडलं. शेजारच्या टेबलावरून बघितलं. मग ती जी ओरडली, ते अल्माटीच्या त्या हिमनदी केंद्राच्या सगळ्या मजल्यांवर ऐकू गेलं.

उल्बोसिन पोचली तेव्हा रिम्मा जिन्याच्या पायरीवर बसली होती. हातातला दुधाचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

उल्बोसिन आपत्ती खात्याच्या चौकशी विभागातली. त्याआधी तिची उमेदीची सगळी वर्षं सरकारी वकिलांच्या कचेरीत गेली होती. बापाला मुलगा हवा होता. चौथीही मुलगीच झाली तेव्हा त्याने तिचं नाव ठेवलं उल्बोसिन, म्हणजे 'मुलगा होऊ दे'. पाचवीही मुलगीच झाली. नावावर विसंबून राहू नये हे उल्बोसिन पाळण्यातच शिकली, असं ती स्वतःच सांगायची.

"आपाय, तळं भरलंय," रिम्मा म्हणाली. थोरल्या बाईला तिथं आपाय म्हणतात, पुरुषाला आगा. तिचा आवाज बसला होता. "काठोकाठ. आज नाहीतर उद्या बांध जाणार. त्याच्या पोटात बर्फ आहे, तो विरघळतोय. खाली मोइल्दी गाव आहे, नदीला चिकटून."

"मग गाव हलवा."

"तालुक्याचा अकीम ऐकत नाही, आणि हुकूम त्याचाच चालतो. म्हणतो, आकडे दाखव. दोन वर्षांपूर्वी मीच ओरडून गाव हलवायला लावलं होतं. काही झालं नाही. लोक डोंगरावर पावसात कुडकुडत बसले, एक म्हातारा त्यातच गेला. परतले तर घरं फोडलेली, कोंबड्यासुद्धा चोरांनी सोडल्या नव्हत्या. आता माझ्या शब्दावर तिथलं कुत्रंही जागचं उठणार नाही."

"हेलिकॉप्टर?"

"खिंडीत ढग उतरलेत. वैमानिक नाही म्हणतोय. तळ्याजवळच्या आमच्या ठाण्यावरचा पहारेकरी रजेवर, बिनतारी संदेशाला उत्तर नाही." रिम्माने कप खाली ठेवला. "या वेळी माझ्याजवळ आकडे होते, आपाय. रोजचे, कॅमेऱ्याच्या फोटोंसकट. आणि आजच कुणीतरी त्यांना कडी लावून बसलंय."

२

सर्व्हरच्या खोलीत एवढा गारठा होता की झानसायाने भर जुलैत लोकरी शाल गुंडाळली होती. यंत्रणा सांभाळणारी ती दुसरी, पहिला पोलात. आणि पोलात कालपासून बेपत्ता होता.

"मला कळेल असं सांग, पोरी," उल्बोसिन म्हणाली. "माझ्या घरी इस्त्रीसुद्धा माझं ऐकत नाही."

झानसाया तिच्याकडे वळली. "तीन सर्व्हर आहेत. एक हा. एक वर, तळ्याजवळच्या ठाण्यावर. तिसरा ताल्दीकोर्गानला. तिन्हींत एकसारखं एक कपाट आहे असं समजा. त्या कपाटाला आम्ही व्हॉल्यूम म्हणतो. ठाण्यावरच्या कपाटात काही ठेवलं की थोड्या वेळानं इथं आणि ताल्दीकोर्गानला आपोआप तेच येतं. एक जळालं तर दोन उरतात, म्हणून."

"मग तिन्ही एकदम कशी गेली?"

"गेली नाहीत. ऑफलाइन केलीत. माल आत जागच्या जागी आहे, पण दाराला कडी आहे. ना कुणाला आत बघता येत, ना आत काही टाकता येत."

"कुणी केलं?"

झानसायाने मान खाली घातली. "पोलात आगाच्या नावानं झालंय. काल दुपारच्या आधी, ह्याच खुर्चीवरून."

"आणि कडी काढायला काय लागतं?"

"एक ओळ लिहायची. सकाळपासून मला सगळे तेच सांगताहेत."

"मग लिहिली का नाहीस?"

"पोलात आगानं मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. कुणी कडी का लावली हे कळल्याशिवाय ती काढायची नाही."

"उत्तम शिकवण," दारातून आवाज आला. "स्वतः पळून जाण्याआधी शिकवली, हे अजून उत्तम."

केंद्राचे उपसंचालक येर्मुखान आत आले. करड्या केसांचा, नीट इस्त्रीच्या कपड्यांतला, बोलताना समोरच्याचा हात हातात घेणारा माणूस. संचालक निवृत्त होत होते आणि त्या खुर्चीवर येर्मुखान बसणार हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. कोकतासचं पाणी बांधावरून उपसून टाकणारे मोठे पाइप त्यांनीच बसवून घेतले होते. तळं आता उतरतंय, असं त्यांनी वर कळवलंही होतं.

"आपाय, मी आपणहून थांबवलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, आपत्ती खात्याचा माणूस येऊ दे. त्याच्यासमोर उघडू. नाहीतर उद्या म्हणायला लोक मोकळे, की येर्मुखाननं आत हात घातला. आता तुम्ही आलात. उघडा आणि बघा, रिम्मा खरी की मी."

"पोलात कुठं असेल?"

"फोन बंद आहे. सीमा इथून काय लांब आहे का? आजचा चहा बिश्केकमध्ये पीत असेल." मग त्यांनी आवाज उतरवला. "मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण विचार करा. आकडे रिम्माच्या बाजूचे असते, तर ते झाकून कुणाचं भलं होणार होतं? पोलातची आणि तिची गट्टी सगळं केंद्र जाणतं. दुसऱ्यांदा खोटी पडली असती तर तिची नोकरी गेली असती. दार बंद राहिलं, की तिचा शब्द खोटा ठरवायला कुणी उरत नाही."

बोलणं पटण्याजोगं होतं. उल्बोसिनला तेच आवडलं नाही. तिने झानसायाकडे पाहिलं. झानसायाची बोटं कळफलकावर टेकली होती आणि डोळे विचारत होते: लिहू?

"लिही," उल्बोसिन म्हणणार, तेवढ्यात दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्याला घट्ट रुमाल, हातात पिशवी, डोळे रडून सुजलेले.

"माझा नवरा पळाला असं खाली सांगताहेत," ती म्हणाली. "कोण म्हणालं ते मला तोंडावर सांगा."

३

तिचं नाव मायनूर. पोलातची बायको. उल्बोसिनने तिला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"काल दुपारी घरी आला," मायनूर सांगू लागली. "जेवला नाही. अर्धं नान कापडात बांधलं, बर्फातले बूट घातले, माझ्या सासऱ्यांचा मेंढीच्या कातड्याचा कोट घेतला. मी म्हटलं, जुलैत कुठं निघालास हा कोट घेऊन, लोक हसतील. म्हणाला, हसू देत."

"पासपोर्ट?"

मायनूरने पिशवीतून पासपोर्ट काढून टेबलावर आपटला. "हा घ्या. बिश्केकला पळालेल्या माणसाचा पासपोर्ट. पळपुटा माणूस पासपोर्ट घरी ठेवून बर्फातले बूट घालतो, असं तुमच्याकडे शिकवतात का?"

उल्बोसिनने पासपोर्ट उघडून पाहिला. बूट, कोट, नान. माणूस सीमेकडे नव्हे, वर गेला होता.

"जाताना काही म्हणाला?"

"म्हणाला, दोघं दोन गोष्टी सांगताहेत, कोण खरं बोलतंय ते डोळ्यांनी बघून येतो."

"कोण दोघं? रिम्मा आणि येर्मुखान?"

मायनूर पहिल्यांदाच थोडी हसली, पण ते हसू लगेच मोडलं. "माणसांबद्दल तो असं बोलतच नाही, आपाय. त्याच्या बोलण्यात यंत्रंच भांडतात, रुसतात, खोटं बोलतात. लग्नाला एवढी वर्षं झाली, अजून मला कधीकधी वाटतं, हा शेजाऱ्यांबद्दल सांगतोय."

दोन यंत्रं. दोन वेगळ्या गोष्टी. पण झानसाया म्हणाली होती, तिन्ही कपाटांत एकच माल असतो. उल्बोसिन उठली. वर तळं भरत होतं आणि ती इथं लोकांचे बूट मोजत होती.

दार उघडून ती बाहेर आली, तर रिम्मा समोरच उभी.

"आपाय, उघडू द्या ना. तुमच्या पाया पडते. अजून तासभर गेला तर लोक निघून तरी पोचतील कुठं?"

"एक सांगा. वरच्या ठाण्याशी तुमचा संपर्क नेहमी असतो?"

"नसतो कसा. फक्त मधे वादळात वरची संपर्काची तबकडी पडली होती, तेव्हा काही दिवस तुटला. काल सकाळी जोडला गेला."

"त्या दिवसांत वर कोण गेलं होतं?"

"कुणी नाही. म्हणजे..." रिम्मा अडखळली. "येर्मुखान आगा पाहुण्यांना घेऊन गेले होते. पाइप दाखवायला. पहारेकऱ्यानं मेंढा कापला होता म्हणे. मग त्यालाच रजेवर पाठवलं, खूश होऊन."

४

येर्मुखान आपल्या खोलीत फोनवर अकीमशी बोलत होते. उल्बोसिन दारात थांबली. त्यांनी तिला हाताने आत बोलावलं, खुर्ची दाखवली आणि बोलणं चालू ठेवलं; लपवण्यासारखं काही नाही, हे तिला दिसावं अशा बेतानं.

"घाबरू नका, अकीम साहेब. गवत कापायचे दिवस आहेत, लोकांना कशाला छळायचं? पाइप काम करताहेत. महिन्याच्या सुरुवातीपासून तळं उतरतंय. काल संध्याकाळी तर आणखी हातभर खाली गेलं. हो, हो, काल संध्याकाळी. आपत्ती खात्याच्या बाई इथंच आहेत, त्यांच्यासमोर आता उघडतो, मग तुमच्या डोळ्यांनी बघा."

त्यांनी फोन ठेवला. "अकीमला धीर द्यावा लागतो. आता चलायचं?"

"चला," उल्बोसिन म्हणाली.

सर्व्हरच्या खोलीत सगळे जमले. येर्मुखान, रिम्मा, दाराला टेकून मायनूर. झानसायाने शाल आवरून घेतली.

"पोरी, मला तीन गोष्टी सांग," उल्बोसिन म्हणाली. "काल सकाळी वरचा संपर्क जोडला गेला. पोलातनं कडी लावली दुपारच्या आधी. त्यानंतर तळ्याचा एकही आकडा खाली आला?"

"कसा येईल? दारच बंद. यंत्र वरून आकडा पाठवतं आणि तो परत जातो."

"म्हणजे काल संध्याकाळी तळं किती होतं, हे अल्माटीत कुणाला ठाऊक असायचं कारण नाही."

"नाही."

येर्मुखान जागचे हलले नाहीत. फक्त इतका वेळ समोर धरलेला हात त्यांनी खिशात घातला.

"दुसरी गोष्ट. आता तू ती एक ओळ लिहिलीस, तर नेमकं काय होईल?"

"दार उघडेल. मग तिन्ही सर्व्हर एकमेकांना विचारतील, कुणाचा माल ताजा. ज्याच्यात शेवटी बदल झाला, त्याचा माल बाकी दोघं उचलतील."

"शेवटी बदल कुठल्या कपाटात झाला?"

झानसायाने पडद्यावर कपाटांच्या बाहेर राहणारी बदलांची नोंदवही उलगडली आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "वरच्या. ठाण्यावरच्या. पण हे... हे असं कसं?"

"मोठ्यानं बोल."

"वरच्या कपाटात नुसते नवे आकडे नाहीत. महिन्याच्या सुरुवातीपासूनचे सगळे जुने आकडे बदलल्याची खूण आहे. जुने आकडे बदलत नसतात, आपाय. होऊन गेलेला दिवस कुणी पुन्हा कसा मोजेल?"

रिम्मा पडद्याजवळ आली.

"ही शेवटची गोष्ट," उल्बोसिन म्हणाली. "तू आता दार उघडलंस, तर ते बदललेले आकडे इथल्या खऱ्या आकड्यांवर चढतील. ताल्दीकोर्गानच्याही. मग खरं कुठं उरेल?"

झानसायाने दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले.

"कुठंच नाही," ती म्हणाली.

५

"पोलातनं काल संपर्क जुळताच हेच पाहिलं," उल्बोसिन म्हणाली. "दोन सर्व्हर दोन गोष्टी सांगताहेत. खोट्यानं खऱ्याला गिळायच्या आत त्यानं दाराला कडी लावली. आकडे लपवायला नव्हे, वाचवायला. आणि खरं काय ते बघायला तो स्वतः वर गेला. चोराला दार बंद राहायला हवं असतं. इथं तर सगळ्यांत घाई होती ती उघडायची, आणि तीही सरकारी साक्षीदारासमोर."

"घाई रिम्मालाही होती," येर्मुखान म्हणाले. आवाज अजून शांत होता.

"होती. पण काल संध्याकाळी तळं हातभर उतरलं, हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. जो आकडा कुणी मोजला नाही, कुणी वाचला नाही, तो तुम्हाला पाठ होता. कारण तुम्ही वर बसून पुढच्या दिवसांचेही आकडे आधीच भरून ठेवले होते. पाहुणे मेंढा खात असताना."

"हा नुसता तर्क आहे."

"आहेच. आता बघू." ती झानसायाकडे वळली. "इथलं कपाट एकट्यानं उघडता येईल? बाकी दोघांना न विचारता?"

झानसाया उत्तर द्यायला थांबलीच नाही. ती खुर्चीतून उतरून सर्व्हरच्या मागे गुडघ्यांवर गेली आणि तिने जाडजूड तार ओढून काढली. "आता हा एकटा पडला. बाकी दोघं मेलेत असं त्याला वाटेल. कुणाचं ऐकणार नाही, स्वतःजवळ आहे तेच दाखवेल." ती परत खुर्चीत बसली, हात शालीला पुसले आणि ती एक ओळ लिहिली.

कोकतासचं दार उघडलं.

आकडे वादळाच्या दिवसापर्यंतच होते. पण तेवढे पुरले. रेघ महिनाभर चढत गेली होती, शेवटी तर जिना चढावा तशी. मग रिम्माने फोटो उघडले. बांधावर येर्मुखानचे पाइप ओळीने पडले होते, एकालाही पंप जोडलेला नव्हता. पाणी त्यांच्या तोंडाशी आलं होतं.

"ह्या चालीनं ते तळं कालच भरलं असणार," रिम्मा म्हणाली. रडत रडतच तिने पडद्याचा फोटो काढून अकीमला पाठवला. लगेच त्याला फोन लावला. पलीकडून त्याचा जाड आवाज म्हणाला, "रिम्मा सेर्गेयेव्हना, गाव उठवतो. मी स्वतः निघालो."

येर्मुखान खुर्चीवर बसले. एवढ्या वेळात ते म्हातारे झाले होते.

"पंप रस्त्यात आहेत," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "या आठवड्यात येणार होते. पाइप बसले असं मी आधीच कळवून बसलो होतो. एक आठवडा, आपाय. तळं उतरलंच असतं. मग खोटं कुठं, खरं कुठं, सगळं एकच झालं असतं. मी काही गाव बुडवायला निघालो नव्हतो."

"पण गाव तिथंच ठेवलंत."

मायनूर दाराजवळून पुढे आली. तिला रेघा, आकडे, पंप यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं.

"माझा नवरा कुठं आहे?" तिने विचारलं. "तळं भरलं म्हणता. तो वर गेला म्हणता. मग आहे कुठं?"

उल्बोसिनने त्यांच्यासमोर हात पुढे केला. "फोन."

त्यांनी फोन दिला नाही. त्याऐवजी सांगून टाकलं, आणि ते ऐकून झानसायासुद्धा उठून उभी राहिली.

"काल जाण्याआधी तो मला सांगायला आला होता. वर जातोय म्हणाला. मी म्हटलं, जा. मग मोइल्दीच्या पोलिसाला फोन केला, आमचा एक डोकं फिरलेला माणूस खाली येऊन अफवा उठवेल, त्याला धरून ठेव. आज पहाटे तो तिथं उतरला. पोलिसानं त्याला चौकीत कोंडलाय."

"चौकी कुठं आहे?" उल्बोसिनने विचारलं.

उत्तर रिम्माने दिलं. "पुलाशेजारी. नदीच्या काठाला."

६

उल्बोसिनने येर्मुखानला खात्याच्या दोन माणसांच्या ताब्यात दिलं आणि खात्याची जीप घेतली. मायनूर न विचारता आत येऊन बसली, रिम्माही. वाटेत तिघी चौकीचा फोन लावत राहिल्या. कुणी उचलेना. चौकीत एकच पोलीस होता, ओराझ नावाचा, आणि अकीमचा हुकूम येताच तो गाव उठवायला घरोघर धावत सुटला असणार, असं रिम्मा म्हणाली.

डोंगर लागले तशा समोरून गाड्या येऊ लागल्या. ट्रॅक्टरवर गाद्या, गाद्यांवर म्हाताऱ्या, मागे दोरीला गाय. बाकीचे लोक कुरणाच्या चढाने वर चालले होते. एका बाईने रिम्माला काचेतून ओळखलं. दोन वर्षांपूर्वी गावाने तिच्या गाडीवर शेण फेकलं होतं. त्या बाईने फक्त मान हलवली आणि पोराला कडेवर घेऊन चालू लागली.

मोइल्दी रिकामं झालं होतं. नदीचा आवाज मात्र नव्हता. पुलाखाली पाणी जवळजवळ आटलं होतं, नुसते ओले दगड.

"हे वाईट आहे," रिम्मा पुटपुटली. "वर कुठं तरी पाणी अडलंय."

चौकीच्या दाराला कुलूप होतं. मायनूरने दोन्ही हातांनी ते बडवलं.

"कोण आहे?" आतून घोगरा आवाज आला. "ओराझ? अरे, बांधाला चीर गेलीय, मी बघितलीय, किती वेळा सांगू—"

"मी आहे," मायनूर म्हणाली.

मग पोलात म्हणाला, "तू इथं कशाला आलीस? जा. वर जा आधी."

"गप्प बस," मायनूर म्हणाली.

उल्बोसिनने जीपमधून लोखंडी पहार आणली. कुलूप दणकट होतं, पण खिडकीची चौकट जुनी होती. तिने आणि मायनूरने पहार घालून जोर लावला, गज निघाला, दुसरा वाकला. पोलात आडवा होऊन बाहेर सरकला तेव्हा त्याचा कोट अडकला. मायनूरने तो उसवून आतच सोडला. त्याचा ओठ फुटला होता. तो उल्बोसिनला म्हणाला, "दार उघडलं का कुणी?"

"एकच उघडलं. तार काढून."

त्याने डोळे मिटले, उघडले. "झानसाया?"

"तीच."

जीप चढाला लागली. कुरणाच्या माथ्यावर सारं गाव उभं होतं. म्हातारे, मेंढरं, शाळेतली पोरं, पाळणे. अकीम नावं पुकारत होता आणि लोक उत्तर देत होते. उन्हं अजून डोंगरावर होती. आधी मातीचा वास आला, कुणी तळघर उघडावं तसा. मग खालून जमीन गुरगुरू लागली.

तेव्हा एक मुलगी बोट दाखवून म्हणाली, "तो बघा ओराझ काका."

खालच्या रस्त्यावर पोलिसाच्या कपड्यांतला एक माणूस धावत होता. वर नव्हे, खाली. पुलाकडे.

"शेवटची घरं रिकामी करून माझ्याबरोबरच वर येत होता," एक म्हातारा म्हणाला. "मधेच थांबला. म्हणाला, आत माणूस आहे, किल्ली माझ्याकडे आहे. आणि पळाला."

पोलात लोकांना बाजूला सारत कड्याच्या टोकाशी गेला.

"ओराझ," तो ओरडला. "मी इथं आहे. मी वर आहे. परत फिर."

त्याचा बसलेला आवाज समोरच्या माणसालाही धड ऐकू गेला नसता. मग सगळं गाव ओरडू लागलं. बायका रुमाल फडकावू लागल्या. अकीमने जीपचा भोंगा दाबून धरला. ओराझने एकदाही वर पाहिलं नाही. तो चौकीशी पोचला, दाराशी वाकला. त्याला कुलूप काढताना सगळ्यांनी पाहिलं. तो आत गेला.

वळणावरून लोंढा आला तो काळा आणि उंच, घराएवढे धोंडे वरच्यावर झेलत. पूल गेला, शाळेची भिंत गेली. चौकी होती तिथं मग काही नव्हतं.

पोलात गुडघ्यांवर बसला होता. मायनूरने त्याच्या खांद्याला धरून ठेवलं होतं, जणू तोही उडी मारेल. उल्बोसिन त्यांच्याजवळ उभी राहिली. तिला आयुष्यात पुष्कळ गोष्टी सिद्ध करता आल्या होत्या. आजही एक आली होती.

अकीमने पुन्हा नावं पुकारली. या वेळी एका नावाला उत्तर आलं नाही.

७

तळ्याचं प्रकरण पुढे कोर्टात गेलं. येर्मुखानने काही नाकारलं नाही. पाइपांचं, आकड्यांचं, पोलिसाला केलेल्या फोनचं, सगळं त्याने कबूल केलं, आणि दर वेळी शेवटी तेच म्हणाला, की फक्त एक आठवडा हवा होता. पोलातने परत येऊन इथलं कपाट खरं धरलं, त्यावरून बाकी दोन्ही पुन्हा भरली आणि मगच व्हॉल्यूम सगळ्यांसाठी उघडला. हे काम त्याने झानसायाला शेजारी बसवून केलं.

मग त्याने उल्बोसिनला फोन केला. "ओराझच्या आईकडे जायचंय. तुम्ही याल का? मला एकट्याला पाय उचलवत नाही."

मोइल्दीतले लोक तोवर वरच्या कुरणावर तंबूंत राहत होते. ओराझची आई एका तंबूत भिंतीला पाठ लावून बसली होती. बायका तिच्याभोवती होत्या. पोलात आत शिरला, गुडघे टेकले आणि बोलायचा प्रयत्न केला.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं.

"हाच का तो?" तिने उल्बोसिनला विचारलं.

"हाच."

"माझा ओराझ ह्यालाच आणायला गेला होता?"

"हो, आजी. हा आधीच सुटला होता. ओराझला ते ठाऊक नव्हतं."

म्हातारीने मान डोलावली. तिने कुणाला तरी खूण केली. चहानं भरलेला वाडगा आला. तो तिने स्वतःच्या हाताने घेतला, न सांडता पोलातसमोर धरला.

"तो तुझ्यासाठी आला होता," ती म्हणाली. "मग बस. चहा पी. आणि तो त्या दिवशी तुझ्याशी काय काय बोलला, ते मला सांग. मारलंन का तुला? सगळं सांग. त्याच्याशी शेवटचं बसून बोललेला तूच आहेस."

पोलातने वाडगा घेतला आणि पहिल्यापासून सांगू लागला.